थंड असताना सुरू होत नाही, तापला की दिवसभर चालतो: जुन्या डेस्कटॉपमधील कॅपॅसिटरचे निदान

जुन्या डेस्कटॉप संगणकाबद्दलची एक तक्रार जवळपास ठरलेल्या शब्दांत ऐकायला मिळते. रात्रभर बंद असलेल्या संगणकाचे बटण सकाळी दाबले की पंखा अर्धा फेरा घेऊन थांबतो. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात पंखे फिरू लागतात पण पडद्यावर काहीच उमटत नाही. आणि चौथ्या-पाचव्या वेळी, जणू काही झालेच नव्हते अशा थाटात, संगणक सुरू होऊन संध्याकाळपर्यंत विनातक्रार चालतो. मध्येच बंद करून लगेच सुरू केला तर पहिल्याच दाबात चालू होतो. काही आठवड्यांनी चारचे सहा प्रयत्न होतात, मग दहा, आणि एके दिवशी काहीच होत नाही.

या काळात बहुतेक जण रॅम काढून पुसून बसवतात, बायोसची बॅटरी बदलतात, विंडोज नव्याने टाकतात. यांपैकी कोणत्याही उपायानंतर दोन-चार दिवस बरे गेल्यासारखे वाटते, कारण दुरुस्तीच्या खटाटोपात यंत्र तापलेले असते आणि हवामानही रोज थोडे बदलत असते. माझ्या मते निदानाची सुरुवात पेटी उघडण्याने नव्हे, तर या वेळापत्रकाकडे नीट पाहण्याने व्हायला हवी. जो दोष थंड यंत्रात दिसतो, तापल्यावर लपतो आणि महिन्यागणिक वाढत जातो, तो इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरचा असण्याची शक्यता इतर कोणत्याही कारणापेक्षा जास्त असते. आठवडाभर एका कागदावर रोज पहिल्या प्रारंभाला किती वेळा बटण दाबावे लागले आणि संगणक त्याआधी किती तास बंद होता, एवढेच लिहून ठेवले, तरी पुढचे काम निम्म्याने सोपे होते.

थंडीचा संबंध कसा येतो

इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये द्रवात भिजवलेला कागद, आणि हे सगळे गुंडाळून रबरी बुचाने बंद केलेली ॲल्युमिनियमची डबी. एका पट्टीवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो; तो थर हाच खरा विद्युतरोधक. द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, त्या थराला दुसऱ्या बाजूने टेकून विजेचा मार्ग पुरा करतो. वर्षानुवर्षे हा द्रव बुचाच्या कडेने वाफेच्या रूपात निसटत राहतो. द्रव कमी झाला की दोन गोष्टी घडतात: धारिता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, उतरते, आणि कॅपॅसिटरच्या आत मालिकेत जोडलेल्या रोधासारखा जो गुणधर्म असतो, ज्याला सगळे ईएसआर म्हणतात, तो वाढतो. संगणकासाठी यांतली दुसरी गोष्ट जास्त घातक आहे.

तापमान उतरले की उरलेला द्रव घट्ट होतो, त्यातील आयनांची हालचाल मंदावते आणि ईएसआर आणखी वाढतो. नव्या कॅपॅसिटरमध्ये हा फरक मर्यादेच्या खूप आत राहतो. मर्यादेच्या काठावर येऊन ठेपलेल्या जुन्या कॅपॅसिटरला मात्र सकाळचा गारठाही पलीकडे ढकलायला पुरतो. चार-पाच वेळा बटण दाबल्यावर संगणक सुरू होतो, त्याचे कारण पुढीलप्रमाणे. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात कॅपॅसिटरमधून थोडा प्रवाह वाहतो, वाढलेल्या ईएसआरमुळे त्याची उष्णता होते आणि कॅपॅसिटर स्वतःलाच थोडे गरम करून घेतो.

ईएसआर वाढल्याने प्रत्यक्ष काय बिघडते, हे एका हिशेबावरून स्पष्ट होईल. प्रोसेसरला सुमारे १.२ व्होल्ट लागतात. ६५ वॉटचा प्रोसेसर पूर्ण भाराखाली ५० अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचतो, आणि त्याची मागणी क्षणार्धात वीस-तीस अँपिअरने वरखाली होते. व्होल्टेज नियंत्रक त्या मागणीला प्रतिसाद देईपर्यंत मधला क्षण कॅपॅसिटरच्या साठ्यावर निभवावा लागतो. सर्व कॅपॅसिटरचा मिळून ईएसआर २ मिलिओहम असेल तर २० अँपिअरच्या उडीला ४० मिलिव्होल्टची घट होते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. तोच ईएसआर १० मिलिओहम झाला, तर घट २०० मिलिव्होल्टची होते, १.२ चे क्षणभर १.० व्होल्ट होतात आणि संगणक गोठतो किंवा नव्याने सुरू होतो. वाढलेल्या ईएसआरमुळे कॅपॅसिटर जास्त तापतो, तापल्याने द्रव आणखी लवकर उडतो, आणि म्हणून हा बिघाड सुरुवातीला रेंगाळतो पण शेवटी वेग घेतो.

आयुष्याचा अंदाज बांधण्यासाठी एक नियम सर्रास वापरला जातो: तापमान दर १० अंश सेल्सिअसने कमी झाले की आयुष्य दुप्पट. डबीवर १०५ अंश लिहिलेले असेल आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकात २,००० तास दिले असतील, तर ६५ अंशांवर तो सुमारे ३२,००० तास टिकावा. रोज आठ तासांच्या वापराला हे अकरा वर्षांच्या जवळ जाते. हा हिशेब पॉवर सप्लायच्या एका भागाला मात्र फार कठोरपणे लागू होतो. त्याकडे पुढे येतो.

आधी इतर संशयित बाजूला करावेत

विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली की पॉवर सप्लाय खराब आहे असे पुष्कळ जण ठरवून टाकतात. ही नोंद फक्त एवढेच सांगते की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. वीज गेली असली, कोणी बटण पाच सेकंद दाबून धरले असले किंवा यंत्र गोठले असले तरीही तीच नोंद होते. तिच्यावरून कारण कळत नाही. हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या ‘व्हीया-लॉगर’च्या नोंदी वारंवार येत असतील तर प्रोसेसर किंवा त्याच्या वीजपुरवठ्याकडे संशय थोडा अधिक वळतो, पण तेवढ्यावरून कॅपॅसिटर दोषी ठरत नाहीत.

उष्णतेशी संबंधित दोषांची लक्षणे नेमकी उलटी असतात: थंड संगणक चटकन सुरू होतो आणि तासाभराने किंवा भार वाढल्यावर बंद पडतो. अशा वेळी उष्णताशोषकावरची धूळ आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट आधी पाहावी. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ या प्रोग्रॅमची एक पूर्ण फेरी चालवावी. मात्र ती थंड यंत्रात, सुरू झाल्याबरोबर चालवावी आणि तापल्यावर पुन्हा चालवावी. थंडीत चुका आणि तापल्यावर शून्य चुका, असे दिसले तर रॅमची पट्टी बदलण्याआधी रॅमच्या खाचांजवळचे कॅपॅसिटर पाहणे शहाणपणाचे ठरेल. बायोसच्या सीआर२०३२ बॅटरीचे व्होल्टेज तीनच्या आसपास आहे का, हे पाहायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून तेही करून टाकावे.

प्रत्येक वेळी वेगळ्याच क्रमांकाची निळी स्क्रीन येणे, यूएसबीवरची उपकरणे मध्येच तुटून पुन्हा जोडली जाणे, हार्ड डिस्क क्षणभर थांबून पुन्हा फिरू लागणे, ही लक्षणे एकेकटी असताना फारशी उपयोगाची नसतात. थंड प्रारंभाच्या तक्रारीसोबत ती आली तर मात्र सगळी एकाच गोष्टीकडे, अस्वच्छ वीजपुरवठ्याकडे, बोट दाखवतात.

डोळ्यांनी दिसणारे आणि न दिसणारे

मदरबोर्डची तपासणी टॉर्चच्या तिरप्या उजेडात करावी. मोठ्या कॅपॅसिटरच्या डोक्यावर एक्स, के किंवा टी या आकाराच्या चिरा मुद्दाम पाडलेल्या असतात, म्हणजे आतला दाब वाढला तर डबी फुटण्याऐवजी तिथून उघडावी. हे डोके अगदी सपाट असले पाहिजे. किंचितही घुमटासारखे वाटले, तर त्यावर पट्टीची कड ठेवून पाहावे. पट्टी डुगडुगली की तो कॅपॅसिटर गेला असे समजावे. तपकिरी किंवा गंजासारखी खपली दिसत असेल तर शंकेला जागाच उरत नाही. काही वेळा दाब वर न जाता खाली जातो आणि रबरी बूच बाहेर ढकलले जाते. मग डोके सपाट दिसते, पण डबी बोर्डवर तिरकी उभी असते किंवा तिच्या पायथ्याशी डाग असतो. प्रोसेसरभोवतालचे आणि ग्राफिक्स कार्डाच्या गरम हवेच्या वाटेतले कॅपॅसिटर सर्वांत आधी पाहावेत.

१९९९ ते २००७ या दरम्यान बनलेल्या यंत्रांत हे दृश्य इतके सर्रास होते की त्याला ‘कॅपॅसिटर प्लेग’ असे नावच पडले. पाण्याचे प्रमाण जास्त असलेल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये ॲल्युमिनियमला संरक्षण देणारी रसायने योग्य प्रमाणात नसल्याने आत हायड्रोजन वायू तयार होई आणि डब्या फुगत. चोरलेल्या सूत्राची एक कथा त्या वेळी बरीच गाजली. पण दोष केवळ अनोळखी उत्पादकांपुरता नव्हता. डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स२७० आणि जीएक्स२८० या संगणकांत ज्या कॅपॅसिटरमुळे मोठा गोंधळ झाला, ते निचिकॉन या नामांकित जपानी कंपनीचे होते. त्यामुळे डबीवरचे नाव वाचून तपासणी संपवू नये.

त्यानंतरच्या काळातल्या मदरबोर्डांवर घन पॉलिमर कॅपॅसिटर आले. त्यांच्या डोक्यावर चिरा नसतात, प्लास्टिकचे आवरण नसते, आणि त्यांत उडून जाणारा द्रवही नसतो. असा बोर्ड असलेल्या संगणकात थंड प्रारंभाची तक्रार आली, तर बोर्डवर वेळ घालवण्यापेक्षा सरळ पॉवर सप्लायकडे वळावे, कारण तिथे अजूनही द्रव असलेले कॅपॅसिटरच मुख्यत्वे वापरले जातात.

न दिसणारा बिघाड हा जास्त त्रासदायक प्रकार आहे. साधारण सहा मिलिमीटर आणि त्याहून कमी व्यासाच्या लहान कॅपॅसिटरच्या डोक्यावर बहुधा चिराच नसतात. ते फुगत नाहीत, गळत नाहीत, फक्त शांतपणे वाळतात. ‘सगळे कॅपॅसिटर पाहिले, एकही फुगलेला नाही’ हे वाक्य म्हणूनच निदानाचा शेवट ठरू शकत नाही. उलट बाजूने, पॉवर सप्लायमध्ये कॅपॅसिटरच्या पायथ्याशी दिसणारा पिवळसर-तपकिरी पदार्थ म्हणजे गळती असेलच असे नाही. कारखान्यात मोठे भाग हलू नयेत म्हणून लावलेला तो डिंक असतो. तोही निरुपद्रवी नव्हे, कारण काही जातीचे डिंक उष्णतेने काळपट होऊन विद्युतवाहक बनतात आणि तारा खातात. पण त्याला इलेक्ट्रोलाइट समजून चांगला कॅपॅसिटर बदलण्यात अर्थ नाही.

पॉवर सप्लाय, आणि त्यातला कधीही न झोपणारा भाग

संगणक बंद असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत पॉवर सप्लायमधला एक छोटा स्वतंत्र पुरवठा अखंड चालू असतो. तो जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट देतो, आणि समोरचे बटण दाबल्याची दखल मदरबोर्ड त्याच विजेवर घेतो. याला स्टँडबाय पुरवठा म्हणतात. संगणक बंद असताना पंखाही बंद असतो, त्यामुळे हा भाग कोंडलेल्या हवेत तापत राहतो. त्याचे कॅपॅसिटर ५५ अंशांवर राहतात असे धरले, तर वरच्या नियमाने २,००० तासांचा माल ६४,००० तास टिकेल, म्हणजे दिवसाचे चोवीस तास धरून सात वर्षांहून थोडे अधिक. ज्या संगणकाचा वापर रोज दोनच तास होतो, त्याचाही हा भाग मात्र पूर्णवेळ नोकरी करत असतो. मला आजवर भेटलेल्या थंड प्रारंभाच्या तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ इथेच सापडले, आणि तरीही दुरुस्तीत सर्वांत शेवटी पाहिला जाणारा भाग हाच असतो.

पॉवर सप्लाय न उघडता बरेच काही मोजता येते. मल्टिमीटरची काळी टोकणी कोणत्याही काळ्या तारेच्या खाचेत आणि लाल टोकणी २४ पिनांच्या जोडणीतील जांभळ्या तारेच्या, म्हणजे नवव्या पिनच्या, मागच्या बाजूने खुपसावी. जोडणी मदरबोर्डवर बसलेलीच असावी. थंड यंत्रात, बटण दाबण्यापूर्वी आकडा वाचावा आणि बटण दाबताना तो किती कोसळतो ते पाहावे. ४.७५ ते ५.२५ व्होल्ट ही मान्य मर्यादा आहे. ४.९ चा आकडा बटण दाबताच ४.३ वर आला आणि पंख्याने अर्धा फेरा घेऊन दम सोडला, तर पुढचे फारसे शोधावे लागत नाही. हीच ५ टक्क्यांची मर्यादा १२ व्होल्टच्या पिवळ्या तारेला ११.४० ते १२.६०, लाल ५ व्होल्टच्या तारेला वरच्याप्रमाणेच, आणि ३.३ व्होल्टच्या नारिंगी तारेला साधारण ३.१४ ते ३.४६ अशी लागू होते.

पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, आणि रीसेट दाबले की संगणक सुरू होतो, या लक्षणाला स्वतंत्र अर्थ आहे. सगळी व्होल्टेज स्थिर झाली की पॉवर सप्लाय १०० ते ५०० मिलिसेकंदांच्या विलंबाने राखाडी तारेवर ‘वीज ठीक आहे’ असा संकेत देतो, आणि तो मिळेपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला रोखून धरतो. थकलेल्या कॅपॅसिटरमुळे व्होल्टेज सावकाश किंवा डळमळत चढले तर हा संकेत आणि प्रत्यक्ष स्थिती यांचा मेळ बसत नाही, आणि प्रोसेसर चुकीच्या क्षणी जागा होतो. रीसेट दाबेपर्यंत व्होल्टेज सावरलेली असतात, म्हणून दुसरा प्रयत्न यशस्वी होतो.

हिरवी तार काळीला जोडून, पॉवर सप्लाय एकटाच चालवून ‘पंखा फिरला, म्हणजे चांगला आहे’ असे म्हणण्याची पद्धत आहे. भाराशिवाय घेतलेली ही चाचणी जवळजवळ काहीच सांगत नाही. स्टँडबाय पुरवठ्यासाठी ५ ओहम, १० वॉटचा एक रोधक जांभळ्या आणि काळ्या तारेमध्ये काही सेकंद जोडावा. त्यातून सुमारे १ अँपिअर वाहील, आणि ५ वॉट उष्णतेमुळे तो लवकरच हात लावता येणार नाही इतका तापेल. त्या भाराखालीही आकडा ४.७५ च्या वर राहिला, तरच स्टँडबायला निर्दोष म्हणावे.

मल्टिमीटरचा डीसी आकडा सरासरी दाखवतो. डीसीवर उरलेली तरंगती एसी, म्हणजे रिपल, त्यात दिसत नाही. आणि खराब कॅपॅसिटरचे खरे प्रताप रिपलमध्येच असतात. डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायसाठी असलेल्या एटीएक्स मानकानुसार १२ व्होल्टच्या लाइनवर १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ व्होल्टच्या लाइनवर ५० मिलिव्होल्ट ही रिपलची कमाल मर्यादा आहे, आणि ती तपासण्यासाठी ऑसिलोस्कोपच लागतो. तो नसेल तर मल्टिमीटर एसीच्या सर्वांत लहान पट्ट्यावर ठेवून मोजण्याचा प्रयत्न करता येतो, पण दोन सावधगिरी बाळगून. पहिली: बरेच स्वस्त मीटर एसी मोजताना डीसी अडवत नाहीत. आधी ९ व्होल्टच्या साध्या बॅटरीवर, टोकण्या दोन्ही बाजूंनी उलटसुलट लावून, एसीचा आकडा पाहावा. शून्याच्या जवळ नसेल तर तो मीटर या कामाला निरुपयोगी आहे. दुसरी: पॉवर सप्लायचे रिपल काही दहा हजार ते लाखभर हर्ट्झचे असते आणि साधा मीटर हजार हर्ट्झच्या पुढे आंधळा होतो. म्हणून मोठा आकडा आला तर तो दोषाचा पुरावा मानावा, छोटा आकडा आला तर त्याला निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र समजू नये.

मापाची साधने नसली तरी एक जुनी युक्ती उपयोगी पडते. संगणक रात्रभर बंद ठेवावा, सकाळी वीज जोडण्याआधी केस वाळवण्याच्या यंत्राने पॉवर सप्लायच्या जाळीतून चार-पाच मिनिटे कोमट हवा आत सोडावी, आणि मग वीज जोडून बटण दाबावे. पहिल्याच दाबात सुरू झाला तर दुसऱ्या दिवशी फक्त मदरबोर्डचा प्रोसेसरभोवतालचा भाग तसाच गरम करून पाहावा. ज्या भागाच्या उबेने फरक पडतो, दोष त्या भागात. दुसरा चांगला पॉवर सप्लाय लावून पाहण्यापेक्षाही मला ही चाचणी जास्त विश्वासाची वाटते, कारण पॉवर सप्लायचे शेवटचे कॅपॅसिटर आणि मदरबोर्डवरचे पहिले कॅपॅसिटर एकाच लाइनवर समांतर असतात. नवा पॉवर सप्लाय बोर्डच्या थकलेल्या कॅपॅसिटरना काही महिने सांभाळून घेतो आणि दोष सुटल्याचा आभास निर्माण करतो.

उघडण्यापूर्वी

पॉवर सप्लायच्या प्राथमिक, म्हणजे भिंतीवरच्या विजेला जोडलेल्या, बाजूच्या मोठ्या कॅपॅसिटरवर २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात, आणि पॉवर फॅक्टर सुधारणा असलेल्या पॉवर सप्लायमध्ये ४०० च्या जवळपास. वीज काढल्यानंतरही हा साठा काही काळ टिकतो, आणि साठा रिकामा करणारा रोधक तुटलेला असेल तर फारच जास्त काळ टिकतो. वीज काढून किमान पंधरा मिनिटे थांबावे, मग त्या कॅपॅसिटरच्या दोन पायांवर डीसी ६०० किंवा १,००० व्होल्टच्या पट्ट्यावर मोजावे, आणि आकडा दहा व्होल्टच्या वर असेल तर काही हजार ओहमचा, पाच-दहा वॉटचा रोधक विद्युतरोधक पक्कडीने धरून साठा रिकामा करावा. पेचकसाने शॉर्ट करण्याची मर्दुमकी दाखवू नये. एक हात खिशात ठेवून काम करण्याची जुनी सवय इथे उपयोगी आहे. एवढे करण्याचा आत्मविश्वास नसेल, तर पॉवर सप्लाय न उघडता सबंध बदलणे हाच योग्य निर्णय आहे.

आत पाहताना क्रम असा ठेवतो: आधी स्टँडबायच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरशेजारचे निर्गम (आउटपुट) कॅपॅसिटर, बहुधा १० व्होल्टचे, काही शे ते दोनेक हजार मायक्रोफॅरडचे, मग ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनचे. मग १२ व्होल्टचे. आणि त्यानंतर, प्राथमिक बाजूला नियंत्रक आयसीजवळ उभा असलेला २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा एक इवलासा कॅपॅसिटर. त्या आयसीचा स्वतःचा पुरवठा याच्यावर चालतो. हा वाळला की आयसी सुरू होताच उपाशी पडते, बंद होते, पुन्हा सुरू होते. आणि पॉवर सप्लायमधून टिक-टिक असा बारीक आवाज येतो.

जुन्या, दोन ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या स्टँडबाय मंडलांत हाच लहान कॅपॅसिटर अधिक धोकादायक ठरतो. तिथे तो व्होल्टेजच्या नियंत्रणात सहभागी असतो, आणि तो वाळल्यावर ५ व्होल्ट कमी होण्याऐवजी चढू लागतात. जांभळ्या तारेवर ५.२५ पेक्षा जास्त आकडा दिसला तर तो पॉवर सप्लाय त्याच क्षणी काढून ठेवावा. असे व्होल्टेज मदरबोर्ड कायमचा जाळू शकते.

माझ्या स्वतःच्या, दशकाहून जुन्या एका यंत्रात मदरबोर्ड अगदी स्वच्छ होता. स्टँडबायचा १,००० मायक्रोफॅरडचा एक कॅपॅसिटर किंचित फुगलेला दिसला. काढून मोजला तर २०० सुद्धा भरला नाही. तो बदलल्यावर रोजचे चार दाब दोनवर आले आणि मी काम संपले असे समजलो. तीन आठवड्यांनी दोनचे पुन्हा तीन झाले. दुसऱ्यांदा उघडल्यावर तो ४७ मायक्रोफॅरडचा लहान कॅपॅसिटर, दिसायला कोरा करकरीत, काढून मोजला. त्याचा ईएसआर नऊ ओहम होता. फुगलेला साथीदार डोळ्यांत भरल्यामुळे मूळ दोषी पहिल्या फेरीत सुटला होता.

ईएसआर मोजताना

ईएसआर मीटर साधारण लाखभर हर्ट्झच्या सूक्ष्म संकेताने मोजतो आणि कॅपॅसिटर बोर्डवर असतानाही चालतो, फक्त वीज काढलेली आणि कॅपॅसिटर रिकामा असला पाहिजे. हजार मायक्रोफॅरड आणि त्यावरच्या लो-ईएसआर कॅपॅसिटरचा नवेपणीचा आकडा काही शतांश ओहम असतो. अर्धा ओहम आला की तो बाद. लहान ४७ मायक्रोफॅरडच्या बाबतीत अर्धा-एक ओहम चालण्यासारखा असतो. मदरबोर्डवर प्रोसेसरजवळ मात्र पाच-सहा कॅपॅसिटर समांतर असतात आणि मीटर त्या सगळ्यांचा मिळून आकडा दाखवतो; चार चांगल्यांच्या आड एक वाईट सहज लपतो. तिथे शंका असेल तर एक तरी पाय सुटा केल्याशिवाय मोजमापाला अर्थ नाही.

केवळ धारिता मोजणारा मीटर शंभर-सव्वाशे हर्ट्झवर मोजतो, त्यामुळे ईएसआर दहापट झालेला कॅपॅसिटरही त्यात बरा दिसू शकतो. अधिक ओंगळ गोष्ट अशी की आतून विद्युतगळती सुरू झालेला कॅपॅसिटर लिहिल्यापेक्षा जास्त धारिता दाखवतो. १,००० च्या जागी १,४०० आले म्हणून खूश होऊ नये; या कॅपॅसिटरची मान्य तफावत अधिक-उणे २० टक्के असते.

बदलताना

व्होल्टेज तेवढेच किंवा एक पायरी वरचे, धारिता तेवढीच किंवा थोडी जास्त, तापमान १०५ अंश, आणि व्यास व पायांमधले अंतर बसेल असे. एवढे जुळले तरी पुरत नाही. माहितीपत्रकातला १०० किलोहर्ट्झवरचा रोध जुन्याइतका किंवा कमी, आणि रिपल प्रवाहाची क्षमता जुन्याइतकी किंवा जास्त हवी. सामान्य वापराचा कॅपॅसिटर इथे बसवला तर काही आठवड्यांत तोच पाढा पुन्हा वाचावा लागेल. पॉवर सप्लायसाठी पॅनासॉनिकची एफआर मालिका किंवा रुबिकॉनची झेडएलएच ही चांगली निवड आहे. प्रोसेसरभोवतालच्या अतिकमी ईएसआरच्या जागी पॉलिमर बसवता येतात, आणि ईएसआर खूपच कमी असल्याने तिथे धारिता थोडी कमी असलेलाही चालतो. पॉवर सप्लायच्या निर्गमावर मात्र द्रव कॅपॅसिटरच्या जागी सरसकट पॉलिमर लावू नयेत. काही मंडलांचे नियंत्रण जुन्या ईएसआरचा हिशेब धरूनच स्थिर ठेवलेले असते. खरेदी अधिकृत वितरकाकडूनच करावी, कारण मोठ्या डबीत छोटा कॅपॅसिटर भरून विकण्याचे प्रकार सर्वज्ञात आहेत.

डबीवरची पट्टी ऋण टोक दाखवते. बोर्डवर छापलेल्या वर्तुळाचा रंगवलेला अर्धा भाग बहुतेक ठिकाणी ऋण असतो, पण काही मदरबोर्डांवर नेमका उलटा संकेत आहे, म्हणून काढण्यापूर्वी फोटो घ्यावा आणि छपाईवर विसंबू नये. मदरबोर्डच्या आतल्या तांब्याच्या थरांमुळे ऋण पाय उष्णता शोषून घेतो आणि सोल्डर लवकर वितळत नाही. जुलै २००६ नंतरच्या बोर्डांवर बहुधा शिसेविरहित सोल्डर असते. ते २१७ अंशांच्या वर वितळते, तर शिसे असलेले ६३/३७ सोल्डर १८३ अंशांवर. प्रत्येक जोडावर आधी थोडे शिसेयुक्त सोल्डर मिसळले की काम कितीतरी सोपे होते. साठ वॉटच्या वरची, तापमान नियंत्रण असलेली सोल्डरिंगची इस्त्री घेऊन दोन्ही पाय आळीपाळीने तापवत डबी हलक्या हाताने डोलवत काढावी, ओढू नये. भोकाच्या आतला तांब्याचा मुलामा पायासोबत निघून आला तर बोर्डच गमवावा लागतो. भोकात अडकलेले सोल्डर काढायला तापवून लाकडी दात-कोरणी खुपसावी. भोक पाडण्याचे यंत्र वापरू नये.

एका गटातला एक कॅपॅसिटर गेला असेल तर तो संपूर्ण गट बदलावा, कारण सगळ्यांनी सारखीच उष्णता भोगलेली असते. काम झाल्यावर पॉवर सप्लाय आधी एकटा, भार जोडून, संगणकाबाहेर तपासावा आणि मगच मदरबोर्डला जोडावा. त्यानंतरची खरी परीक्षा पहिल्या कागदावरच होते: रात्रभर वीज पूर्ण काढून ठेवून सकाळच्या पहिल्या दाबाची नोंद, किमान दोन आठवडे, आणि त्यात एखादी गार सकाळ असावी. आकडा सतत एक राहिला तर पेटी बंद करावी. तो एकवरून दोनवर गेला तर जांभळ्या तारेवरचे माप पुन्हा घ्यावे. ते भाराखालीही ४.९ च्या वर स्थिर असेल, तर आता पाळी मदरबोर्डवरच्या प्रोसेसरभोवतालच्या गटाची.